मानमोडीची वाट : गोदीपासून चाळीपर्यंत

जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात दोन सालांचा उल्लेख हटकून येई. एक प्लेगचे साल आणि दुसरे मानमोडीचे. प्लेग आपल्याला शाळेत शिकायला मिळाला. १८९६ ची साथ, पुण्यातला रँड, चाफेकर बंधू हे सगळे परीक्षेला हमखास यायचे. मानमोडी मात्र अभ्यासात कधी भेटल्याचे आठवत नाही. वास्तविक प्लेगने वीस वर्षांत देशभर जेवढी माणसे नेली, त्याहून अधिक १९१८ च्या इन्फ्लुएंझाने काही महिन्यांत नेली. अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत जातात. विसाव्या शतकात एकाच जनगणनेत देशाची लोकसंख्या आधीपेक्षा कमी भरली, ती १९२१ ची. त्याचे मोठे कारण हीच साथ.

या साथीचा देशातला पहिला मोठा तडाखा आपल्या मुंबईला बसला. इतर प्रांतांत तिला ‘बॉम्बे फीव्हर’ असे नावच पडले. आपल्यापैकी बहुतेकांचे आजोबा-पणजोबा याच सुमारास गिरणीत, गोदीत किंवा रेल्वेत चिकटलेले. त्यामुळे हा इतिहास तसा आपल्या घरचाच आहे.

मे १९१८ च्या अखेरीस पहिले महायुद्ध चालू होते आणि सैन्याची ने-आण करणारी जहाजे मुंबई बंदरात सारखी ये-जा करत होती. १० जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने आजारी होऊन पोलीस इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यात गोदीवर पहारा असलेला शिपाई होता. ताप हिवतापाचा नव्हता. १५ ते २० जूनच्या दरम्यान आजाऱ्यांची नोंद कुठे कुठे झाली ते पाहण्यासारखे आहे : पोर्ट ट्रस्ट, सरकारी गोदी, ग्रॅहम कंपनीची पेढी, हाँगकाँग अँड शांघाय बँक, तार कचेरी, टांकसाळ आणि रेचल ससून गिरणी. २४ जूनपर्यंत सारे शहर कण्हू लागले. थंडी वाजून ताप, हाडे मोडल्यासारखी अंगदुखी, लाल झालेले डोळे. मान वर करवत नाही असा हा ताप, त्याला लोकांनी ‘मानमोडी’ म्हटले ते उगीच नाही. ३ जुलैला एका दिवसात शहरात २३० मृत्यू नोंदले गेले. पहिल्या शिपायापासून या दिवसापर्यंत फक्त तेवीस दिवस गेले होते.

ती यादी पुन्हा वाचली की साथीची वाट नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. बंदर, बंदराला लागून असलेल्या कोटातल्या कचेऱ्या, तिथून गिरण्या आणि गिरण्यांतून चाळी. मुंबईचा पैसा ज्या रस्त्याने फिरत होता, त्याच रस्त्याने ताप फिरला. यात नवल नाही. फ्लूची लागण झाल्यापासून एक ते चार दिवसांत ताप चढतो आणि ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. म्हणजे जो कारकून किंवा जॉबर ‘मला काही झालेले नाही’ म्हणून कामावर गेला, तोच नकळत रोग पोचवत होता. खाडा झाला की मजुरी बुडाली, असा हिशेब असलेल्या शहरात घरी बसणार कोण?

मुंबईचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांनी ही साथ रात्रीच्या चोरासारखी आली, अशा अर्थाचे वर्णन करून ठेवले आहे. रोग जहाजातून आला असे त्यांचे मत होते. उलट, खलाशांनाच मुंबईत लागण झाली असे सरकारचे म्हणणे पडले. हा वाद चालू असतानाच रोग शहरभर पसरला होता. नगरपालिकेच्या हाती जी यंत्रणा होती ती प्लेगच्या अनुभवातून उभी राहिलेली. घरे धुणे, उंदीर मारणे, रोग्याला वेगळे काढणे हे तिला ठाऊक होते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरे, त्यामुळे वस्ती रिकामी केली तर उपयोग होई. फ्लू माणसाच्या श्वासातून, खोकल्यातून पसरतो. इथे कोणती वस्ती रिकामी करायची? रोग विषाणूचा आहे हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हते. माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढता आला तो १९३३ मध्ये. त्यातच अनेक डॉक्टर युद्धावर गेलेले.

जुलैत साथ ओसरली आणि लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. सप्टेंबरात ती परत आली, आणि या खेपेला रूप वेगळे होते. तापावर न्यूमोनिया होऊन माणसे दोन-चार दिवसांत दगावू लागली, आणि तीही म्हातारी-कोतारी नव्हेत, तर वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी. ६ ऑक्टोबरला शहरात एका दिवसात ७६८ माणसे मेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागले होते. अर्धपोटी शरीरांना हा दुसरा तडाखा सोसला नाही. मुंबईहून निघणाऱ्या रेल्वेगाड्यांनी रोग देशभर पोचवला, असे पुढे आरोग्य खात्यानेही नमूद केले.

आता महत्त्वाची गोष्ट. ताप साहेबाच्या बंगल्यातही शिरला आणि चाळीतही. पण मृत्यूने सगळ्यांना सारखे वागवले नाही. मुंबईतल्या मृत्यूंचे समाजवार आकडे तेव्हा काढले गेले. युरोपियनांत हजारी ८.३ मृत्यू झाले, पारशांत ९. सरकारी कागदात ‘खालच्या जातीचे हिंदू’ असा रकाना होता, त्यात हजारी ६१.६. रोग तोच, शहर तेच, हवा तीच, आणि फरक सातपटीहून जास्त.

हा फरक रक्तातला नव्हता, राहण्याचा आणि खाण्याचा होता. कामगार वस्तीत बहुतेक बिऱ्हाडे एका खोलीची. त्या खोलीत सात-आठ माणसे, शिवाय गावाकडचा एखादा पाहुणा कायमचा. मोकळ्या हवेत झोपा, गर्दी टाळा, असा सल्ला अधिकारी देत होते. सल्ला चुकीचा नव्हता, पण तो पाळायला जागा लागते. बायकांचे मृत्यू पुरुषांपेक्षा जास्त झाले, याचेही कारण शोधायला लांब जायला नको. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणारी बाई, आणि सकाळी पाणी भरून चूल पेटवणारीही तीच. तिला ताप आला तर तिच्या उशाशी कोण?

सरकार कमी पडले तिथे लोक पुढे आले. ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी वस्त्यांत औषधपाणी पोचवले. प्लेगच्या काळात सरकारी इस्पितळाच्या नावाने पळणारे लोक आपल्यातल्या स्वयंसेवकांना दार उघडत होते. ही साथ ओसरते न ओसरते तोच, जानेवारी १९१९ मध्ये, महागाईने पिचलेले लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. संप पगारासाठी होता, पण त्यातले कितीतरी जण नुकतेच घरातले कुणी ना कुणी गमावून आले असणार.

पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. आपल्या वर्गातली कितीतरी मुले त्याच खोल्यांत वाढली, गॅलरीत दिव्याखाली अभ्यास करून परीक्षेला बसली. त्या खोल्यांवर आपले प्रेम आहे आणि ते खोटे नाही. शेजारधर्म आपण तिथेच शिकलो. पण साथीच्या दृष्टीने खोली ती खोलीच.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, पुण्यात एका शाळकरी मुलीचा देशातला पहिला बळी गेला आणि पुण्यामुंबईच्या शाळा काही दिवस बंद राहिल्या. तो विषाणू १९१८ च्याच एच१एन१ कुळातला. २०२० मध्ये करोना आला. तो फ्लू नव्हे, पण वाट ओळखीची होती, फक्त बंदराच्या जागी विमानतळ. त्या जुलैत मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले, बाहेरच्या वस्तीत १६ टक्क्यांना. शंभर वर्षांनीही आकडे खोलीच्या मापानेच बोलत होते.

रोग शहरात कधी आणि कुठून येईल हे आपल्या हाती फारसे नसते. आल्यावर तो घरातल्या किती जणांना गाठेल आणि त्यांतले किती वाचतील, हे मात्र आधीच ठरलेले असते : खोलीत किती माणसे झोपतात, ताटात काय पडते, आणि आजारी माणसाला मजुरी न बुडवता घरी राहता येते का, यावरून. आज आपल्यातले काही जण डॉक्टर आहेत, काही महापालिकेत, काही बांधकामाच्या धंद्यात, काही कारखान्याचे मालक. चाळींच्या जागी आता टॉवर उठत आहेत. त्या टॉवरांत भांडी घासायला, पहारा करायला येणारी माणसे रात्री कुठे आणि कितीजण मिळून झोपतात, हा प्रश्न आपल्याला विचारता आला पाहिजे. मानमोडीच्या साली तो कुणी वेळेवर विचारला नव्हता.