पिवळ्या पडलेल्या मीटरची गोष्ट

दुचाकी बरीच वर्षे उन्हात उभी राहिली, की तिच्या वेगमापकावरचे पारदर्शक झाकण पिवळट आणि धुरकट होते. रात्री तर काटा कोठे आहे तेही नीट दिसत नाही. धूळ बसली असेल म्हणून आपण फडका मारतो. धूळ जाते, पिवळेपणा राहतो. कारण तो बाहेरून येऊन बसलेला नसतो, तर प्लॅस्टिकमध्येच तयार झालेला असतो.

पुणे शहराला हा पिवळेपणा दुचाकींच्या आधीपासून परिचित आहे. १८७० च्या सुमारास अमेरिकेत हायट बंधूंनी नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून सेल्युलॉइड बनवले. चित्रपटाची जुनी फीत याच कुळातली. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली, तेव्हा चित्रपट नायट्रेट फितीवरच निघत. ही फीत काळाबरोबर पिवळी पडते, चिकट होते आणि शेवटी तिचा भुगा होतो. विघटनातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड पुढचे विघटन आणखी वाढवतात. शिवाय ती अतिशय ज्वालाग्राही असते. जानेवारी २००३ मध्ये प्रभातच्याच जुन्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, अशा फितींच्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुने चित्रपट कायमचे गेले.

१९७२ साली पुण्यात लुना आणि चेतक ही वाहने आली. त्यांत पत्रा भरपूर, प्लॅस्टिक थोडे. पुढे हे प्रमाण बदलत गेले. १९५३ साली जर्मनीत हर्मन श्नेल यांनी शोधलेले पॉलिकार्बोनेट आणि त्याच दशकात बाजारात आलेले एबीएस ही दोन प्लॅस्टिके जगभर वाहनांत शिरली. पहिले पारदर्शक आणि न फुटणारे, दुसरे हलके आणि चिवट.

पण उन्हापुढे दोन्ही दुबळी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांची ऊर्जा रेणूंच्या लांब साखळ्यांतील बंध तोडण्यास पुरेशी असते. तुटलेल्या जागी हवेतील ऑक्सिजन जोडला जातो. एबीएसमधील रबरासारख्या भागात दुहेरी बंध असतात, म्हणून तेथे ही क्रिया आधी सुरू होते. नव्याने तयार झालेली संयुगे निळा प्रकाश शोषतात, आणि उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली सुरू झाली. प्रकाशामुळे बहुवारिकांचे विघटन कसे होते, याचा अभ्यास तेथेही झाला आहे.

यावर गॅरेजमधील उपाय म्हणजे बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासणे आणि मग पॉलिश करणे. झाकण स्वच्छ दिसते, कारण ऑक्सिडीकरण मुख्यतः पृष्ठभागाच्या पातळ थरात होते आणि तो थरच आपण काढून टाकतो. मात्र त्याबरोबर अतिनील किरण अडवणारा लेप असेल तर तोही जातो, आणि पिवळेपणा पुन्हा लवकर येतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसणे तर टाळावेच. त्याने पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात.

दुसरा उपाय २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या हौशी संग्राहकांनी रूढ केला. पांढऱ्या वा करड्या एबीएसला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते उन्हात ठेवायचे. रंग देणारी संयुगे बदलतात आणि पिवळेपणा फिका पडतो. तीव्र पेरॉक्साइडने त्वचा भाजते, म्हणून हा प्रयोग मुलांच्या हाती देऊ नये.

आता नीट पाहिले तर पहिला उपाय थर काढतो, दुसरा रंग घालवतो. तुटलेली साखळी दोन्हींपैकी एकही जोडत नाही. म्हणून फितींसाठी थंड, कोरडे कोठार आणि दुचाकीसाठी सावली, हाच खरा इलाज आहे.

वर्गात हे सहज तपासता येईल. फिकट रंगाच्या एकाच प्लॅस्टिकचे दोन तुकडे घ्या. एक अर्धा काळ्या कागदाने झाकून गच्चीवर ठेवा, दुसरा कपाटात. त्यांवर तारीख लिहा आणि वर्षअखेरीस मुलांनाच तुलना करू द्या. फरक दिसला नाही, तर तुकडे पुढच्या वर्गाकडे सोपवा. कोणते प्लॅस्टिक किती टिकते, हेही त्यातून कळेल.