माजघरातली ऊब आणि जात्यावरची ओवी

डेन्मार्क हा उत्तर युरोपातला एक लहानसा देश. ऐन हिवाळ्यात तेथे दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. त्या लांबलचक रात्री मेणबत्त्या लावून चार जिवलगांनी जवळ बसावे, साधे काही खावे, सावकाश बोलावे. या सुखाला तेथील लोक 'ह्यूगे' म्हणतात. आपल्या भाषेत त्याला सर्वांत जवळचा शब्द 'ऊब' हाच. २०१६ च्या सुमारास या कल्पनेवर इंग्रजीत पुस्तकांची रीघ लागली आणि मेणबत्त्या व लोकरी पांघरुणे विकणाऱ्यांनी ती उचलून धरली. त्या बाजाराशी आपल्याला कर्तव्य नाही. घरगुती उबेतून कलेची निर्मिती कशी होते, हा प्रश्न मात्र आपल्या परभणी जिल्ह्यालाही विचारण्याजोगा आहे.

प्रथम डेन्मार्ककडे पाहू. १८०७ मध्ये इंग्रजांनी कोपनहेगनवर तोफा डागल्या, १८१३ मध्ये सरकारचे दिवाळे निघाले, १८१४ मध्ये नॉर्वे हातचे गेले आणि १८६४ च्या युद्धात श्लेस्विग व होल्स्टाइन हे प्रांतही गमावले. बाहेर असा संकोच झालेल्या राष्ट्राचे लक्ष घराकडे वळले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. त्याच १८६४ साली जन्मलेला चित्रकार हामर्सहॉय १८९८ ते १९०९ या काळात कोपनहेगनमधील एका जुन्या घरात राहिला आणि त्याच त्या खोल्या पुनःपुन्हा रंगवीत बसला. उघडे दार, भिंतीवर पडलेला उजेड, पाठमोरी उभी असलेली पत्नी. एवढ्यावर त्याने आपली कला उभारली.

आता आपल्या घरी येऊ. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारभाराची भाषा उर्दू झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. जिंतूर तालुक्यातील बोरीसारख्या गावात कचेरीतला कागद एका भाषेत आणि घरातले बोलणे दुसऱ्या भाषेत, अशी ही स्थिती. मग मराठीचे पोषण कोठे झाले? देवळातल्या कीर्तनात झाले, तसेच माळवदाच्या घरातील जात्याशीही झाले.

ही परंपरा जुनी आहे. आपल्याच जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. त्या नामदेवांच्या घरी दासी होत्या. त्यांच्या अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत दळू लागतो. देवाला गाभाऱ्यातून उचलून जात्यापाशी बसविण्याची ही कल्पना दळणाऱ्या हातांनाच सुचू शकते.

पहाटेचा अंधार, मिणमिणता दिवा, एका खुंट्यावर दोघींचे हात आणि ज्वारीचे घास गिळणारी ती घरघर, या लयीवर ओवी आपोआप येई. तीत माहेर येई, भाऊ येई, पंढरी येई. आणि सासुरवासही येई. येथे आपण डेन्मार्कच्या वाटेवरून जरा बाजूला होतो. तेथली ऊब विसाव्याची, येथली कष्टाची. घराला ऊब देणारी बाई स्वतः पुष्कळदा गारठलेलीच असे. पुरुष निजलेले असत, तेवढाच वेळ तिचा. आणि जे कोणापाशी बोलता येत नसे, ते ती दगडापाशी बोले. म्हणून ओवीला सुखी संसाराचे गाणे समजणे हा तिच्यावर अन्याय होईल.

पुढे पिठाची गिरणी आली आणि बायकांचे हात सुटले. जाते परत यावे, असे दळणाऱ्या कोणत्याही बाईला वाटणार नाही, आणि आपणही म्हणू नये. परंतु जात्याबरोबर दोघींनी समोरासमोर बसण्याची ती घटकाही गेली. पुण्यातील हेमा राईरकर व गी पॉइटविन यांनी १९८० च्या दशकापासून अशा ओव्या गोळा करण्याचे काम चालविले. एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या मिळाल्या. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्यांत आहेत.

डेन्मार्कपासून घ्यावयाचे ते इतकेच, की घरातल्या लहान गोष्टीही कलेला पुरतात. त्यासाठी मेणबत्त्या आणावयास नकोत. ज्यांच्या हातांनी जात्याचा खुंटा फिरविला, अशा वृद्ध स्त्रिया खेड्यापाड्यांतून अजून आहेत. एखाद्या संध्याकाळी त्यांच्यापाशी वही घेऊन बसावे. मात्र त्या वेळी स्वयंपाकघरातले काम दुसऱ्या कोणीतरी, शक्य तर घरातल्या पुरुषांनी, उरकलेले असावे. एरवी उबेचा वाटा आपला आणि कष्टाचा तिचा, ही जुनी वाटणी तशीच राहील.