षट्कर्णी : चोरून ऐकण्याच्या कायद्याचा मुंबईत घडलेला इतिहास

एखादे गुपित फुटले म्हणजे ते षट्कर्णी झाले असे आपण म्हणतो. बोलणाऱ्या दोघांचे चार कान; त्यांत तिसऱ्याचे दोन मिळाले की गुपित संपले. हेरगिरीचा विषय निघाला की आपल्या सुरतेत बहिर्जींचे नाव निघतेच. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज या शहरावर चालून आले, त्याआधी येथील अगणित द्रव्याची वार्ता बहिर्जी जाधवांनी आणली, असे सभासदाच्या बखरीत आहे. परंतु त्या काळच्या हेराला मुलखात स्वतः शिरावे लागे आणि सापडला तर मस्तक द्यावे लागे. तारेवरचे बोलणे ऐकणाऱ्या तिसऱ्या कानाला अशी जोखीम नसते. त्याला आवरायचे ते कागदाने, म्हणजे कोणी, कोणाच्या सहीने आणि कोणत्या लेखी कारणासाठी ऐकले, हे नोंदवून ठेवण्याने. हा कागद कसा तयार झाला याची बरीचशी हकीकत मुंबईच्या खटल्यांत दडलेली आहे.

मूळ कायदा इंग्रजांचा. १८८५ च्या तार अधिनियमाच्या पाचव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणी अथवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी संदेश अडविण्याचा अधिकार सरकारला दिला. अधिकार कसा वापरावा याचे नियम मात्र स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके कोणी केले नाहीत.

या पोकळीत १९६४ साली मुंबईत एक प्रकरण घडले. एका खाजगी शुश्रूषागृहात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण मे महिन्यात दगावला. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर नावाचा अधिकारी त्या वेळी मुंबईस होता. मलकानी हे ते पद सांभाळीत. चौकशीत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना सांभाळून घेण्यासाठी त्यांनी प्रथम वीस हजार रुपये मागितले व पुढे रक्कम उतरविली, असा आरोप होता. निरोप दुसऱ्या डॉक्टरांमार्फत जात होते. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने ७ ऑक्टोबर १९६४ रोजी या मध्यस्थ डॉक्टरांच्या दूरध्वनीस, त्यांच्याच संमतीने, ध्वनिमुद्रण यंत्र जोडले आणि कॉरोनरांचे बोलणे फितीवर उतरले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. हे मुद्रण तार अधिनियमाविरुद्ध आहे, ते पुराव्यात घेऊ नये, असा मलकानींचा युक्तिवाद होता. सप्टेंबर १९७२ मध्ये न्या. रे यांनी तो फेटाळला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वखुशीने यंत्र जोडू दिले असेल, तर तारेत कोणी हस्तक्षेप केला असे म्हणता येत नाही. आणि पुरावा गैरमार्गाने मिळाला म्हणून तेवढ्यावरून तो त्याज्य होत नाही. शिक्षा कायम झाली. मात्र त्याच निकालात, निरपराध नागरिकाच्या दूरध्वनीवरील संभाषणास न्यायालये संरक्षण देतील, अशी ग्वाहीही आहे. ती वाचून बरे वाटते. पण अडचण उघड आहे. आपले बोलणे ऐकले गेले हे निरपराध माणसाला कळावे कसे? लाच मागणाऱ्यावर खटला होतो, फीत न्यायालयात येते, त्याला कळते. ज्याच्याविरुद्ध काहीच निघाले नाही, त्याची फीत कपाटात राहते.

त्या काळी फोन टॅप करायचा तर तारेला कोठे तरी प्रत्यक्ष जोडणी करावी लागे, ही तांत्रिक अडचण हे नागरिकाचे काहीसे संरक्षण होते. १९९१ मध्ये राजकीय नेत्यांचे फोन ऐकले गेल्याचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. सगीर अहमद यांनी १८८५ पासून राहिलेले काम केले. आदेश केंद्राच्या अथवा राज्याच्या गृहसचिवाचाच हवा. कारणे लेखी हवीत. आदेश दोन महिने चालेल आणि कितीही वाढविला तरी सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही. आढावा समिती कागद तपासील. मात्र समिती कोणाची? केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांची, राज्यात मुख्य सचिवांची. नस्तीवर टिपणे लिहिण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. एका सचिवाची सही दुसऱ्या सचिवाने तपासायची! न्यायाधीशाची पूर्वपरवानगी हवी, ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. माझ्या मते उणीव तेथेच राहिली.

पुढे महाराष्ट्राने १९९९ च्या संघटित गुन्हेगारी कायद्यात, म्हणजे मकोकात, टॅपिंगची स्वतंत्र कलमे घातली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, परंतु २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उभी केली. त्याच वळणाचा गुजरातचा कायदा १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आहे, म्हणून हा विषय सुरतकरांना परका नाही.

२२ ऑक्टोबर २०१९ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल मला विशेष वाटतो. विनीत कुमार या व्यावसायिकाच्या प्रकरणात लाच दिल्याचा आरोप होता आणि २००९-१० मधील तीन आदेशांन्वये फोन ऐकला गेला होता. सार्वजनिक सुरक्षिततेचा येथे काय संबंध, असे विचारून न्या. रणजित मोरे व न्या. जमादार यांनी तिन्ही आदेश रद्द केले आणि मुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. पाठीशी २४ ऑगस्ट २०१७ चा नऊ न्यायाधीशांचा निर्णय होता. खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविणाऱ्या त्या निर्णयात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांच्या, न्या. यशवंतराव चंद्रचूड यांच्या, आणीबाणीतील मताचाही त्याग केला.

तरी कागद असला म्हणजे खरा असतोच असे नाही. २०२१ साली नाना पटोले यांनी आपला फोन अंमली पदार्थांच्या तस्कराच्या नावाखाली ऐकला गेल्याचा आरोप केला. पुढे संजय राऊत आणि आपल्या खानदेशचे एकनाथ खडसे यांच्या फोनांबाबतही गुन्हा नोंदला गेला. दोन्ही गुन्हे उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये रद्द केले. आरोप खरा की खोटा हा वाद बाजूला ठेवला, तरी असा आरोप करता आला आणि तपासता आला, कारण कोठे तरी अर्ज, क्रमांक आणि सही होती.

पाळत ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचे भय वाटते ते येथे. व्हॉट्सॲपसारख्या साधनांत संदेश कुलूपबंद होऊन जातो. वाटेत पकडला तरी वाचता येत नाही. म्हणून तिसरा कान तारेवरून उठून थेट हातातल्या यंत्रात जाऊन बसला. तेथे संदेश कुलूप लागण्यापूर्वीच दिसतो. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस हे असे सॉफ्टवेअर. काही वेळा ते मालकाने कोठेही बोट न लावता फोनात शिरते. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने सुमारे १,४०० फोनांवर असा हल्ला झाल्याचे जाहीर केले. सूचना मिळालेल्या भारतीयांत डॉ. आनंद तेलतुंबडे होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये सांगण्यात आले की तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच असे निश्चित म्हणता येत नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये १८८५ च्या जुन्या व्यवस्थेच्या जागी नवे नियम आले. त्यांतही सचिव, मुदत आणि आढावा समिती हीच चौकट आहे. सही न मागणाऱ्या सॉफ्टवेअरला ती कशी लागू करावी?

बड्या नावांमुळे हे आपल्यापासून दूरचे वाटेल. पूर्वी गोडादरा-लिंबायतकडच्या एसटीडी बूथमध्ये गावाकडे फोन लावताना बूथवाल्याला सोयरिकीपासून जमिनीच्या वाटणीपर्यंत सारे ऐकू जाई. पण तो समोर बसलेला असे, म्हणून आपण आवाज खाली आणीत असू. आता मुलीच्या, सुनेच्या अथवा कामगाराच्या फोनात हेर ठेवणारी ॲप्स सहज मिळतात आणि घरचेच कोणी ती काळजीपोटी घालतात. परवानगीवाचून दुसऱ्याच्या यंत्रात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ व्या कलमाखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीने पत्नीशी झालेल्या बोलण्याचे गुपचूप केलेले मुद्रण वैवाहिक वादात पुरावा म्हणून ग्राह्य धरले, तेव्हा घरात आता सारे चालते असा समज काहींचा झाला. तो चुकीचा आहे. तेथे मुद्रण करणारा बोलणाऱ्या दोघांपैकीच एक होता, जसे १९६४ मध्ये ते मध्यस्थ डॉक्टर होते. सुनेच्या फोनात लपविलेले ॲप तिचे माहेरच्यांशी झालेले बोलणे ऐकते, तेव्हा बोलणाऱ्या दोघांपैकी कोणालाच त्याचा पत्ता नसतो.