पेले, गोळ्या आणि हस्तलाघव

तीन पालथे पेले आणि त्यांखाली प्रकट होणाऱ्या व नाहीशा होणाऱ्या लहान गोळ्या, एवढ्याच साहित्यावर चालणारा हा खेळ हातचलाखीच्या ज्ञात प्रकारांपैकी अतिप्राचीन होय. इजिप्तमधील बेनी हसन येथील भित्तिचित्रात तो दाखविला आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु तो पुरावा वादग्रस्त आहे. निःसंदिग्ध उल्लेख रोमन काळातील आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात सेनेका या तत्त्वज्ञाने आपल्या एका पत्रात वितंडवाद्यांच्या शब्दच्छलाची तुलना या खेळाशी केली. दोहोंतील फसवणूक निरुपद्रवी असते, आणि युक्ती उमगताच गोडी संपते, असा त्याचा अभिप्राय.

या खेळाशी निगडित असलेले शब्द विचारात घेण्याजोगे आहेत. ग्रीक भाषेत खेळ करणारा ‘प्सेफोपैक्तेस’, म्हणजे खडे खेळविणारा. लॅटिनमध्ये तो ‘असेताबुलारियस’, म्हणजे सिरक्याच्या वाट्या वापरणारा. फ्रेंचांनी या कौशल्याला ‘हाताचा हलकेपणा’ म्हटले आणि त्यावरूनच इंग्रजीत ‘लेजरडमेन’ हा शब्द आला. संस्कृतातील ‘हस्तलाघव’ याचाही अर्थ नेमका हाच. ‘लघु’ आणि फ्रेंच शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘लेविस’ हे एकाच मूळ धातूपासून निघालेले शब्द होत. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘ऐंद्रजाल’ आणि ‘हस्तलाघव’ यांची गणना वेगवेगळी केलेली आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. या शब्दांत देवता नाही, भूत नाही, मंत्र नाही. आहेत ते खडे, वाट्या आणि हात.

भाषेला जे ठाऊक होते ते न्यायासनाला ठाऊक असतेच असे नाही. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने चेटकाने जीव घेणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरविली होती. एसेक्समधील सेंट ओसिथ परिसरातील अनेक स्त्रियांवर १५८२ मध्ये खटले झाले आणि त्यांतील काहींना फाशी झाली. या पार्श्वभूमीवर केंट परगण्यातील रेजिनल्ड स्कॉट याने १५८४ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटकाचे म्हणून सांगितले जाणारे प्रकार एक तर भ्रम तरी असतात किंवा लबाडी तरी, हे त्याचे प्रतिपाद्य. त्याच्या पुष्ट्यर्थ त्याने ग्रंथाच्या तेराव्या भागात हातचलाखीचे खेळ कसे करावेत, हे उघड करून सांगितले.

गोळ्यांविषयी त्याची शिकवण साधी आणि काटेकोर आहे. गोळी हवेत, तोंडात किंवा डाव्या हातात टाकल्याचा केवळ आभास करावयाचा. ती उजव्या तळहातातच राहिली पाहिजे. प्रथम शिशाची गोळी घेऊन सराव करावा. मोठी गोळी तळहातात आणि लहान गोळी बोटांच्या बेचक्यात धरणे सोयीचे. या खेळाचे मर्म यातच आहे. प्रेक्षक तीन गोळ्या मोजतो, खेळ करणाऱ्याजवळ चौथी असते. त्यामुळे प्रेक्षक ज्या क्षणाची वाट पाहतो त्याच्या आधीच त्या क्षणाचे काम उरकलेले असते. हाताचा वेग येथे गौण होय. रिकामा हात भरल्यासारखा आणि भरलेला हात रिकाम्यासारखा सहज वागला पाहिजे, आणि त्यासाठी दीर्घ सरावावाचून दुसरा उपाय नाही.

ही रहस्ये फोडताना स्कॉटला खंत वाटत होती, कारण त्यांवर गरीब माणसांची पोटे चालत होती. जॉन कॉटॅरेस नावाच्या लंडनवासी फ्रेंच माणसाचा हात सर्वांत सफाईदार असल्याचे त्याने नमूद केले आहे, आणि तो घाम गाळून प्रामाणिकपणे पोट भरणारा आहे, हेही आवर्जून सांगितले आहे. हा उल्लेख केवळ कौतुकाचा नव्हे. ज्याचे नाव, वस्ती आणि चरितार्थाचे साधन सांगता येते, त्याच्या करामतीसाठी सैतान कल्पिण्याचे कारण उरत नाही.

ग्रंथाचा तात्काळ परिणाम मात्र फारसा झाला नाही. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये आपल्या ‘डेमॉनॉलजी’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत स्कॉटवर नाव घेऊन टीका केली. तोच इंग्लंडच्या गादीवर आल्यावर १६०४ मध्ये चेटकाविरुद्ध अधिक कडक कायदा झाला. पुढे १६३४ मध्ये ‘होकस पोकस ज्युनियर’ हे केवळ हातचलाखीला वाहिलेले इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात पेले कसे घडवावेत आणि लहान जायफळाएवढ्या बुचाच्या चार गोळ्या कशा हाताळाव्यात, याचे विवेचन आहे. त्यावरील स्कॉटचे ऋण स्पष्ट दिसते. परंतु स्कॉटच्या विवेचनामागील निकड त्यात नाही. निरपराध स्त्रियांच्या बचावासाठी मांडलेला पुरावा पन्नास वर्षांत करमणुकीचा पाठ झाला होता.

तथापि त्या पुराव्याचे मोल यामुळे कमी होत नाही. जे शिकविता येते आणि सरावाने कोणालाही साधते, ते अमानुष असू शकत नाही, हा स्कॉटच्या युक्तिवादाचा गाभा होता. वात्स्यायनाने इंद्रजालापासून हस्तलाघव वेगळे मोजले, त्यातही हाच विवेक दिसतो. स्कॉटच्या काळी मात्र हा विवेक सुटला की त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागत होती.