परवान्याचे पंधरा रुपये

२०२५ च्या दिवाळीत इंग्लंडात स्थायिक झालेला माझा भाचा सहकुटुंब इंदूरला आला होता. फराळाच्या वेळी बोलता बोलता त्याने आपली एक अडचण सांगितली. त्याच्या घरी दूरचित्रवाणी संच आहे. पण मुले सारे काही मोबाइलवर पाहतात, आणि तो स्वतः निरनिराळ्या कंपन्यांची वर्गणी भरून रात्री चित्रपट पाहतो. तरीही बातम्या आणि क्रिकेटचे सामने थेट पाहिले जातात म्हणून त्याला दरवर्षी दूरचित्रवाणीचे परवाना शुल्क भरावे लागते. १ एप्रिल २०२५ पासून ते १७४ पौंड ५० पेन्स झाले होते. ‘मामा, हे पैसे भरत राहण्यात आता काही अर्थ आहे का?’ असे त्याने विचारले. मी उत्तर देण्यापूर्वीच ताई म्हणाली, ‘अरे, आपल्याकडेही होते की रेडिओचे लायसन्स!’ नातवंडांना ते खरे वाटेना. रेडिओ ऐकायला सरकारची परवानगी लागे आणि त्यासाठी पोस्टात पैसे भरावे लागत, ही त्यांना एखाद्या विनोदी कथेतली गोष्ट वाटली.

आमच्या घरी ते लायसन्सचे पुस्तक रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांसोबत कपाटात ठेवलेले असे. वडील शाळेत शिक्षक होते. दरवर्षी ठरलेल्या मुदतीत ते पोस्टाच्या खिडकीवर उभे राहून पंधरा रुपये भरीत. कारकून पुस्तकात तिकिटे चिकटवी आणि त्यांवर तारखेचा शिक्का मारी. त्यांच्या पगारात ती रक्कम जाणवण्याजोगी होती. पण मला अधिक आठवते ते त्यांचे एक पत्र. आमच्या भागातील आकाशवाणी केंद्रावरून मराठी नाट्यसंगीत नियमित ऐकवावे, अशी विनंती त्यांनी केली होती आणि सहीखाली नाव, पत्ता व परवाना क्रमांक लिहिला होता. क्रमांक कशाला, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘आपण फुकट ऐकत नाही, हे त्यांना कळायला हवे.’ मागणी मान्य झाली नाही. पण छापील कार्डावर उत्तर मात्र आले. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला हे पत्र वारंवार आठवते, म्हणून या शुल्काचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहणे इष्ट वाटते.

ही प्रथा मूळची ब्रिटनची. १९२२ च्या नोव्हेंबरात ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीचे प्रसारण सुरू झाले आणि त्याच सुमारास श्रोत्यांसाठी वार्षिक दहा शिलिंगांचा परवाना लागू झाला. १ जानेवारी १९२७ रोजी ही खासगी कंपनी जाऊन राजसनदेने स्थापन झालेले महामंडळ आले. शुल्कामागील विचार असा होता की, प्रसारणाचा खर्च जाहिरातदाराने केला तर कार्यक्रम त्याच्या सोयीचे होतील, सरकारने केला तर सरकारच्या सोयीचे होतील. म्हणून जो ऐकतो त्यानेच थोडा थोडा भार उचलावा. १९४६ मध्ये रेडिओ व दूरचित्रवाणी यांचा दोन पौंडांचा एकत्रित परवाना निघाला आणि १९७१ मध्ये केवळ रेडिओसाठीचे शुल्क रद्द झाले.

हिंदुस्थानात ही कल्पना आली ती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीसोबत. तिचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचे. परवाना वर्षाला दहा रुपयांचा होता व त्यातले आठ रुपये कंपनीला मिळत. १९२७ अखेर परवानाधारक होते ३,५९४; १९२९ अखेर ७,७७५. माझी सारी नोकरी राज्य शासनाच्या हिशेबी कामात गेल्यामुळे गुणाकाराचा मोह आवरत नाही. शेवटच्या आकड्याला आठने गुणले तर वर्षाला ६२,२०० रुपये होतात. मुंबई आणि कलकत्ता अशी दोन केंद्रे एवढ्यात कशी चालावीत? आयात होणाऱ्या संचांच्या किमतीवर कंपनीला काही टक्के मिळत. पण तेही पुरेसे नव्हते. परवाना न काढता चोरून ऐकणारे श्रोते पुष्कळ होते. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि १ एप्रिलपासून सरकारने प्रसारण हाती घेतले. खर्च परवडत नाही म्हणून १९३१ च्या ऑक्टोबरात ते बंद करण्याचे ठरले. पण लोकांनी ओरड केल्यावर नोव्हेंबरात तो निर्णय मागे घेण्यात आला.

पुढे चोरून ऐकणाऱ्यांना आळा घालण्यासाठी १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून अमलात आला. परवान्यावाचून संच नुसता बाळगणे हाही गुन्हा ठरला; पहिल्या खेपेस शंभर आणि पुन्हा केल्यास अडीचशे रुपयांपर्यंत दंड होता. येथे एक फरक ध्यानात घ्यावा. ब्रिटनमध्ये शुल्काबरोबर स्वायत्त महामंडळ आले. आपल्याकडे शुल्क आले, शिक्षा आली, महामंडळ मात्र आले नाही. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले, तरी ते सरकारचे एक खातेच राहिले. श्रोत्याचा पैसा सरकारी तिजोरीत जाई आणि रेडिओचा खर्च अर्थसंकल्पातून मंजूर होई. देणारा आणि ऐकवणारा यांचा थेट संबंध तेथेच तुटला.

संस्थानांतील आपल्या मंडळींचा अनुभव थोडा निराळा होता. वडोदऱ्याला संस्थानाचे स्वतःचे केंद्र होते; ते १९४८ च्या डिसेंबरात आकाशवाणीत विलीन झाले. निजामाची हैदराबाद व औरंगाबाद येथील केंद्रे १ एप्रिल १९५० रोजी आली. गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता आणि पणजीच्या ‘एमिसोरा द गोवा’ची आकाशवाणी झाली ती मुक्तीनंतर. इंदूरला १९५५ मध्ये केंद्र आले व मालवा हाउस हे नाव घरोघरी पोचले. अशा रीतीने निरनिराळ्या राजवटींत विखुरलेली मराठी कुटुंबे एकाच परवान्याखाली आली, आणि सर्वांचे पंधरा रुपये एकाच तिजोरीत जमा होऊ लागले.

त्या पैशांत काय मिळाले? नुसता तोटाच झाला, असे कोणीही म्हणू नये. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. माडगूळकरांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडक्यांचे संगीत दर आठवड्याला एक या क्रमाने वर्षभर येत राहिले. त्यामागे सीताकांत लाड यांच्यासारखे आकाशवाणीचे अधिकारी होते. कोणताही जाहिरातदार त्या काळी वर्षभर चालणाऱ्या अशा उपक्रमासाठी पुढे आला असता, असे मला वाटत नाही. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ पासून सुरू झाला, तोही सार्वजनिक पैशावर. आमच्या पिढीचा कान तयार झाला तो या पैशांवर.

पण याच काळात दुसरीही गोष्ट घडली. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीताविषयी त्यांना मनापासून आस्था होती. चित्रपटगीतांमुळे अभिरुची बिघडते, या समजुतीने त्यांनी आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद केली. परिणाम असा झाला की, परवाना दिल्लीचा आणि सुई सिलोनवर! १९५२ च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि परवानाधारकांची मुले तिच्याभोवती जमू लागली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. पैसे भरणाऱ्याला काय आवडते हे विचारण्याची सोय व्यवस्थेतच नव्हती. त्याने काटा फिरवला तेव्हा कोठे ते कळले.

आणीबाणीत हा दोष अधिक गंभीर रूपात दिसला. १९७५ ते ७७ या काळात आकाशवाणी व दूरदर्शन ही केवळ सत्तेची वाणी झाली. खऱ्या बातमीसाठी लोक रात्री बीबीसी लावू लागले. म्हणजे संचाचा परवाना येथला आणि विश्वास तेथला. शुल्क भरले की प्रसारण आपोआप लोकांचे होते, हा भ्रम त्या एकवीस महिन्यांत फिटला. वर्गीस समितीने १९७८ मध्ये स्वायत्त संस्थेची शिफारस केली. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला, आणि तो अमलात यायला १९९७ चा सप्टेंबर उजाडला.

दरम्यान परवानाच इतिहासजमा झाला होता. विविध भारतीवर जाहिराती १९६७ पासून आणि दूरदर्शनवर १९७६ पासून येऊ लागल्या होत्या. १९८४ मध्ये ‘हम लोग’ने प्रायोजित मालिकेचे युग आणले. ट्रान्झिस्टर खेडोपाडी पोचल्यावर प्रत्येक संचामागे पंधरा रुपये गोळा करणे आणि न भरणाऱ्याला शोधत हिंडणे हे किती त्रासाचे झाले असेल, हे वसुलीचे काम केलेल्या माणसाला सांगायला नको. रेडिओचे पंधरा आणि दूरचित्रवाणीचे पन्नास रुपये १९८५ मध्ये माफ झाले. घरोघरी आनंदच झाला, आम्हालाही झाला. पण त्यानंतरचा हिशेब कोणी मांडला नाही. आज आपण करांतून प्रसार भारतीच्या पगारांचा भार उचलतो, केबल किंवा डिशचे पैसे भरतो, मोबाइलच्या डेटाचे भरतो, आणि वर जाहिराती पाहतो. शुल्क गेले, खर्च गेला नाही. एवढेच की, आता कोणत्याही पावतीवर आपला क्रमांक नाही.

१९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. मालमत्ता सार्वजनिक असेल तर तिच्या वापराबद्दल मालकाने चौकशी करावी, हे ओघाने येते. पण परवाना गेल्यापासून आपण स्वतःला मालक न समजता फुकटचे प्रेक्षक समजू लागलो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला हे अधिक जाणवायला हवे. जाहिरातदार डोकी मोजतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा वडोदरा येथील मराठी कुटुंबे त्याच्या मोजणीत कधीच भरणार नाहीत. आपल्या भाषेचा अर्धा तास मिळण्याची थोडीफार आशा असलीच तर ती सार्वजनिक प्रसारणाकडून. आणि ती मागायची तर हक्काने मागता आली पाहिजे.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. ब्रिटनमधील शुल्कावरचे आक्षेप पोकळ नाहीत. श्रीमंत आणि गरीब दोघेही सारखीच रक्कम भरतात. न भरणे हा फौजदारी गुन्हा असून दंड हजार पौंडांपर्यंत होऊ शकतो. पंचाहत्तरीपुढील सर्वांना असलेली सूट २०२० च्या ऑगस्टपासून केवळ अल्प उत्पन्नाचे निवृत्तिवेतन-साहाय्य घेणाऱ्यांपुरती उरली. शुल्क किती असावे हे अखेर सरकारच ठरवते. २०२२ पासून दोन वर्षे ते १५९ पौंडांवर गोठवले होते, म्हणजे स्वायत्ततेची दोरी पूर्णपणे सुटलेली तेथेही नाही. महामंडळाच्या सनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे आणि पुढे काय, हा तेथला मोठा वाद आहे. इतर देशांनी निराळ्या वाटा चोखाळल्या. जर्मनीने २०१३ पासून संच असो वा नसो, प्रत्येक घरावर आकारणी सुरू केली. फिनलंडने त्याच वर्षी उत्पन्नानुसार स्वतंत्र कर आणला. फ्रान्सने २०२२ मध्ये शुल्कच रद्द केले.

मी भाच्याला सांगितले ते असे. शुल्क भरणे योग्य की अयोग्य, हे तू किती तास पाहतोस यावर ठरवू नकोस. मी सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरतो ती सगळी पुस्तके वाचतो म्हणून नव्हे. पैसा सरकारच्या खिशात न जाता संस्थेकडे जातो का, आणि दिलेल्या पैशाचा जाब तुला विचारता येतो का, हे पाहा. आमच्याकडे यांतले एकही धड नव्हते, म्हणून शुल्क गेल्याचे कोणाला वाईट वाटले नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत, अपुरी का होईना. गरिबाला झेपेल असा दर आणि तुरुंगाची भीती नसलेली वसुली यांसाठी भांड. पण शुल्क नाहीसे झाल्यावर तो खर्च दुसऱ्या खिशातून जातो, हे आमच्याकडे पाहून जा. आणि भरायचेच नसेल तर रीतसर परवाना बंद कर. मग थेट प्रक्षेपण आणि बीबीसीची आयप्लेअर सेवा दोन्ही पाहू नकोस. आपल्या घराण्यात चोरून ऐकण्याची रीत नाही.

तो हसला आणि विचार करतो म्हणाला. रात्री मी कपाटातून ते जुने पुस्तक काढून मुलांना दाखवले. शेवटच्या पानांवरची तिकिटे पिवळी पडली आहेत, पण क्रमांक स्पष्ट वाचता येतो. १९८५ नंतरही वडील केंद्राला पत्रे लिहीत होते आणि सहीखाली तोच क्रमांक घालीत होते. आता त्याला काही अर्थ नाही, असे मी एकदा त्यांना म्हटले होते. त्यांनी काही उत्तर दिले नाही. पत्राची घडी घातली आणि पाकिटावर पत्ता लिहायला घेतला.