आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीत आणि श्रोत्यांची नाराजी : खडकी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

भारतीय प्रसारणाचा इतिहास लिहिताना केंद्रांची स्थापना, प्रक्षेपकांची क्षमता, मंत्र्यांची धोरणे आणि कलावंतांची कामगिरी यांचा तपशील विपुल प्रमाणात आढळतो. ज्याच्यासाठी हा सर्व खटाटोप झाला, तो श्रोता मात्र या इतिहासात बहुधा आकड्यांच्या रूपानेच भेटतो. श्रोत्याचे समाधान नोंदवले जात नाही. त्याची नाराजी मात्र पत्रांतून, वर्तमानपत्रांतून आणि सर्वांत जास्त म्हणजे रेडिओचा काटा फिरवण्यातून व्यक्त होते. ‘आकाशवाणीवर पूर्वीसारखे शास्त्रीय संगीत राहिले नाही’ ही तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. परंतु स्वातंत्र्योत्तर काळाच्या प्रारंभी श्रोत्यांची तक्रार याच्या नेमकी उलट होती. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीत फार आहे, असे तेव्हा बहुसंख्य श्रोत्यांना वाटत होते. नाराजीचा हा पालट कसा घडला व त्याचा अर्थ काय, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. आकाशवाणीच्या संगीतविषयक धोरणाचा व त्यावरील श्रोत्यांच्या प्रतिक्रियेचा आढावा घेणे.
२. बदलत्या साधनांमुळे श्रवणाच्या सवयींत झालेले बदल स्पष्ट करणे.
३. खडकीसारख्या कामगार व लष्करी वस्तीच्या दृष्टीने या बदलांचे मोल ठरवणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसारणाच्या इतिहासावरील प्रकाशित साहित्य आणि कौटुंबिक आठवणी यांचा आधार घेतला आहे.

खडकी : संगीताच्या नकाशाबाहेरील वस्ती

५ नोव्हेंबर १८१७ रोजी झालेल्या लढाईमुळे खडकीचे नाव इतिहासात आले. पुढे येथे लष्करी छावणी वसली व १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला. कारखाना, छावणी आणि मुंबई-पुणे लोहमार्ग यांमुळे मराठी, तमिळ, तेलुगू, पंजाबी, हिंदी अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे येथे स्थायिक झाली. पुण्याची संगीतपरंपरा मात्र प्रामुख्याने पेठांमध्ये नांदत होती. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय, तसेच १९५३ पासून भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने होऊ लागलेला सवाई गंधर्व महोत्सव यांचा श्रोतृवर्ग मुख्यतः शहरातील होता. पाळीवर काम करणाऱ्या खडकीतील कामगाराला रात्रभराच्या मैफलीस जाऊन सकाळी कारखान्याच्या दारात उभे राहणे शक्य नव्हते.

२ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. शिवाजीनगर येथील हे केंद्र खडकी आणि पेठा यांच्या दरम्यान वसलेले आहे, ही केवळ भौगोलिक बाब नव्हे. मैफल ज्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती, त्यांच्या घरात ती या केंद्रामुळे आली. खडकीसारख्या वस्तीत रेडिओ हे मैफलीला पर्याय म्हणून आलेले साधन नव्हते. अनेकांच्या दृष्टीने तीच पहिली मैफल होती.

पहिली नाराजी : ‘शास्त्रीय फार झाले’

१९५२ ते १९६२ या काळात डॉ. बा. वि. केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. संस्थानांचा राजाश्रय संपुष्टात आल्यानंतर शास्त्रीय संगीताला राज्यसंस्थेने आधार दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. २० जुलै १९५२ रोजी संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमास प्रारंभ झाला. कलावंतांसाठी ध्वनिचाचणी व श्रेणी यांची पद्धत रूढ झाली आणि १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. या धोरणामुळे असंख्य गायक-वादकांना नियमित उत्पन्न व प्रतिष्ठा मिळाली, हे निर्विवाद आहे.

याच धोरणाची दुसरी बाजू चित्रपटसंगीताविषयीच्या अनादराची होती. चित्रपटगीतांचे प्रमाण कमी करण्यात आले. गीतासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात ठरते, असे मानून ते वगळण्यात आले. त्यातून निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. श्रोत्यांनी मोर्चे काढले नाहीत. त्यांनी काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभारलेल्या शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकाच्या बळावर रेडिओ सिलोन भारतभर ऐकू येत होते. १९५२ च्या अखेरीस तेथून सुरू झालेल्या व अमीन सयानी यांनी सादर केलेल्या ‘बिनाका गीतमाला’ या कार्यक्रमाने आकाशवाणीचा श्रोता आपल्याकडे ओढून घेतला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून शासनाला श्रोत्यांचा कौल मान्य करावा लागला. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिरातींना प्रारंभ झाला, तेव्हा निवडलेल्या मुंबई, नागपूर व पुणे या केंद्रांत पुण्याचा समावेश होता. ज्याची आवड एका दशकापूर्वी हीन ठरवली गेली होती, तोच श्रोता आता उत्पन्नाचा स्रोत ठरला.

या नाराजीचा अर्थ ‘लोकांना शास्त्रीय संगीत नको होते’ असा सरसकट लावता येत नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर शास्त्रीय आणि लोकप्रिय यांच्यातील भिंत दिल्लीतील धोरणकर्त्यांना वाटत होती तेवढी पक्की नव्हती. बालगंधर्वांच्या काळापासून मराठी माणसाने राग ऐकले ते नाट्यपदांतून. त्या पदांची साथ ऑर्गन व हार्मोनियम यांनी केली होती. हार्मोनियमवर मात्र १९४० पासून आकाशवाणीत बंदी होती आणि ती १९७१ च्या सुमारास सैल होऊ लागली. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांची परंपरा असलेल्या प्रदेशातील श्रोत्याला आपल्या ओळखीचा सूर अधिकृत ध्वनिक्षेपणात ऐकू येऊ नये, हे नाराजीचे पुरेसे कारण होते.

याच काळातील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने झालेल्या या उपक्रमात आठवड्याला एक याप्रमाणे एकूण ५६ गीते वर्षभरात सादर झाली. या गीतांच्या चाली मोठ्या प्रमाणावर रागांवर आधारलेल्या होत्या. दुसरीकडे चित्रपटगीतांसाठी सिलोनकडे वळणारा श्रोताच या वेळी पुणे केंद्राची वाट पाहत बसला. श्रोत्याला राग नको नव्हते. रागांचा उपदेश नको होता, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

नियत वेळेचे श्रवण

राष्ट्रीय कार्यक्रमापुढे श्रोते कमी असले तरी आकाशवाणीने एक गोष्ट घडवली. तिने श्रवणाला वेळ दिली. ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकेत एका बाजूस सुमारे तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावत असे. मैफलीत एक राग तासभर चाले. आकाशवाणीने या दोहोंमधील पंधरा मिनिटांपासून दीड तासापर्यंतचे माप रूढ केले आणि सकाळचे राग सकाळी, सायंकाळचे सायंकाळी हा संकेत पाळला.

प्रस्तुत लेखकाचे आजोबा खडकीतील कारखान्यात कामगार होते. त्यांचे संगीताचे शिक्षण झालेले नव्हते व कोणत्याही रागाचे नाव त्यांना सांगता येत नसे. सकाळी दाढी करताना रेडिओ चालू असे. बातम्यांची वाट पाहताना मध्ये जे गायन लागे ते त्यांच्या कानावर पडे. ते बंद करण्यासाठी साबणाचा हात पुसून उठावे, इतका त्यांना त्याचा त्रास नव्हता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घरात ध्वनिफितींचे यंत्र आले. एकदा सकाळी कोणीतरी मारव्याची ध्वनिफीत लावली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘हे या वेळचं नाही, बंद करा.’’ रागाचे नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण वेळ ठाऊक होती. हे ज्ञान त्यांना कोणी शिकवले नव्हते. चाळीस वर्षे न निवडता ऐकल्यामुळे ते त्यांच्या ठिकाणी मुरले होते.

अशा श्रवणाला ‘अनाहूत श्रवण’ म्हणता येईल. रसिक श्रोता संगीताकडे जातो. अनाहूत श्रोत्याकडे संगीत येते. चाळीत एकाच घरी रेडिओ असे, तेव्हा शेजाऱ्यांनाही असे श्रवण घडत असे. आकाशवाणीच्या संगीतधोरणाचे खरे, परंतु अलिखित यश या दुसऱ्या श्रोत्यामध्ये शोधावे लागते.

दुसरी नाराजी : ‘शास्त्रीय उरले नाही’

१९६० नंतर ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ घरातील फळीवरून खांद्यावर व खिशात आला आणि सामूहिक श्रवण वैयक्तिक होऊ लागले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यापाठोपाठ सिंहगडावरील सहक्षेपणामुळे पुण्यातही दूरचित्रवाणी आली आणि संध्याकाळची वेळ रेडिओच्या हातून निसटली. १९८० च्या दशकात ध्वनिफितींचा प्रसार झाला. पुण्यातील अलूरकर म्युझिक हाऊससारख्या संस्थेने शास्त्रीय संगीताच्या ध्वनिफिती प्रसिद्ध करून रसिकांची मोठी सोय केली. मात्र येथूनच रसिक आणि अनाहूत श्रोता यांचे मार्ग वेगळे झाले. रसिकाला आकाशवाणीची गरज उरली नाही आणि अनाहूत श्रोता दूरचित्रवाणीपुढे जाऊन बसला.

नव्या सहस्रकाच्या प्रारंभी खासगी एफएम वाहिन्या आल्या. परवाना शुल्क व जाहिरातींचे गणित यांवर चालणाऱ्या या वाहिन्यांनी चित्रपटगीतांनाच प्राधान्य दिले. दरम्यान, पुणे केंद्र ज्या ७९२ किलोहर्ट्झ मध्यमलहरींवर ऐकू येत असे, त्या लहरींवर घरातील विद्युत उपकरणांची खरखर वाढत गेली. तानपुऱ्याचा सूर खरखरीत बुडाला की विलंबित ख्याल ऐकणे अशक्य होते. बातम्या मात्र खरखरीतूनही समजतात. तांत्रिक अडचणीचा फटका इतर कार्यक्रमांपेक्षा शास्त्रीय संगीताला अधिक बसला, तो यामुळे.

दुसरी एक घटना मैफलीशी संबंधित आहे. २००० मधील ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिवर्धकाच्या वापरावर निर्बंध आले. रात्रभर चालणाऱ्या मैफली आटोपत्या घ्याव्या लागल्या आणि दरबारी, मालकंस यांसारखे रात्रीचे, तसेच ललित, भटियार यांसारखे पहाटेचे राग त्यांच्या वेळी प्रत्यक्ष ऐकण्याचे प्रसंग कमी झाले. ही उणीव भरून काढण्याची संधी रेडिओला होती. प्रत्यक्षात ती काही काळ एका उपग्रह सेवेने साधली. वर्ल्डस्पेस या सेवेवरील ‘गंधर्व’ ही अखंड हिंदुस्थानी संगीताची वाहिनी वर्गणी भरणाऱ्या रसिकांत प्रिय झाली होती. ३१ डिसेंबर २००९ रोजी ही सेवा भारतात बंद पडली आणि घरोघरीचे ग्राहकयंत्र मुके झाले. चांगली वाहिनी मिळूनही ती टिकण्याची हमी नाही, हा धडा श्रोत्यांना मिळाला.

२६ जानेवारी २०१६ रोजी आकाशवाणीने ‘रागम्’ ही चोवीस तासांची शास्त्रीय संगीत वाहिनी सुरू केली. संग्रहातील अमूल्य ध्वनिमुद्रणे त्यामुळे ऐकता येऊ लागली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु पुण्यातील श्रोत्यासाठी ही वाहिनी मुख्यतः डीटीएच व इंटरनेटच्या मार्गाने आली. म्हणजे ती शोधणाऱ्यालाच सापडते. दाढी करता करता ती कोणाच्या कानावर पडत नाही.

विश्लेषण :

वरील दोन नाराजी परस्परविरोधी दिसतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. १९५२ मध्ये श्रोत्याला न विचारता त्याच्यावर शास्त्रीय संगीत सोपवले गेले. पुढे त्याला न विचारताच ते बाजूला झाले. पहिल्या वेळी त्याच्याकडे सिलोनचा पर्याय होता. दुसऱ्या वेळी रसिकाकडे ध्वनिफीत, तबकडी आणि आता मोबाइल हे पर्याय आहेत. अनाहूत श्रोत्याकडे मात्र पर्याय नाही, कारण आपण काय गमावले हेच त्याला ठाऊक नाही. त्याची तक्रार कोठेही नोंदली जात नाही.

आज मोबाइलवर कोणत्याही गायकाचा कोणताही राग क्षणात मिळतो. उपलब्धतेच्या दृष्टीने संगीतासाठी याहून चांगला काळ कधीच नव्हता. मात्र निवडीवर आधारलेली ही व्यवस्था ऐकणाऱ्याला त्याचीच जुनी आवड पुनःपुन्हा पुरवते. ज्या घरात मारवा कधी वाजलाच नाही, त्या घरातील मुलाच्या मोबाइलवर तो आपोआप येण्याची शक्यता फार कमी. सांस्कृतिक वारसा असलेल्या घरातील श्रोता अधिक समृद्ध आणि नसलेल्या घरातील श्रोता अधिक वंचित, अशी विषमता यातून निर्माण होते. खडकीसारख्या वस्तीच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नसून सांस्कृतिक समानतेचा आहे.

निष्कर्ष :

१. शास्त्रीय संगीताच्या प्रसारणाविषयी श्रोत्यांची नाराजी नवी नाही. तिचे स्वरूप मात्र १९५० च्या दशकातील अतिरेकाच्या तक्रारीपासून आजच्या अभावाच्या तक्रारीपर्यंत बदलत गेले.
२. ‘गीतरामायण’च्या उदाहरणावरून असे दिसते की, नियत वेळ, परिचित आशय आणि कसदार सादरीकरण असल्यास सामान्य श्रोता रागसंगीत आनंदाने स्वीकारतो.
३. नव्या साधनांमुळे रसिकाचा लाभ झाला, तर न निवडता ऐकणारा श्रोता संगीताच्या कक्षेबाहेर गेला.

उपाययोजना :

डिसेंबर २००२ मधील धोरणानुसार शैक्षणिक संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालवता येऊ लागले. खडकीलगतच्या गणेशखिंडीत विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ हे केंद्र २००५ मध्ये सुरू झाले. परिसरातील महाविद्यालयांनी अशा केंद्रांच्या साहाय्याने रोज सकाळी ठरावीक वेळी पंधरा मिनिटे रागसंगीत महाविद्यालयाच्या आवारात मंद आवाजात लावावे. त्यासोबत व्याख्यान नको, परीक्षा नको, उपस्थिती नको. विद्यार्थी गप्पा मारोत, चहा पिवोत, येवोत-जावोत. त्यांतील काहींना काही वर्षांनी, नाव न कळताही, हा राग या वेळचा नाही एवढे उमजले, तरी आकाशवाणीने खडकीत चाळीस वर्षे नकळत केलेले कार्य पुढे चालू राहील.