पॉलीन कोव्ह : देवमाशांच्या व्यापाराचा उत्तरेकडील तळ

कॅनडाच्या युकॉन प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यालगत ब्यूफोर्ट समुद्रात असलेल्या हर्शेल बेटाला तेथील मूळ रहिवासी इनुविआलुइट, म्हणजे पश्चिम आर्क्टिकमधील इनुइट लोक, किकिक्तारुक म्हणतात. हिमयुगातील हिमनदीने रेटून वर आणलेला गाळ गोठून हे बेट तयार झाले असल्याने त्याला खडकाचा पाया नाही. मात्र त्याच्या आग्नेय बाजूची पॉलीन कोव्ह ही खाडी जहाजे नांगरण्याइतकी खोल आणि वाहत्या बर्फापासून सुरक्षित असून, तिच्यासारखा निवारा या उथळ किनाऱ्यावर फार दूरपर्यंत सापडत नाही. इनुविआलुइटांचे पूर्वज समुद्रातून वाहत आलेल्या ओंडक्यांची, अर्धी जमिनीत खणलेली घरे बांधून येथे राहत आणि सील, मासे व देवमासे यांवर गुजराण करीत.

अमेरिकी देवमासेमारांनी १८९०च्या सुमारास ही खाडी गाठली. त्यांना हवी होती ती बलीन, म्हणजे बोहेड जातीच्या देवमाशाच्या वरच्या जबड्यातून लोंबणारी, अन्न गाळून घेणारी लवचीक पट्टी, कारण पाश्चात्त्य स्त्रियांच्या कमर आवळणाऱ्या पोशाखांत तिच्या कांबी घालीत असत. सॅन फ्रान्सिस्कोहून दरवर्षी ये-जा केली तर शिकारीला जेमतेम काही आठवडे मिळत, म्हणून जहाजे येथेच हिवाळा काढू लागली आणि १८९४-९५च्या हिवाळ्यात त्यांची संख्या १५ झाली. एवढ्या खलाशांना पुरेसे ताजे मांस इनुइट व अन्य स्थानिक शिकाऱ्यांकडून मिळे, तर बदल्यात बंदुका, पीठ, कापड आणि, मिशनऱ्यांच्या तक्रारींनुसार, भरपूर दारू दिली जाई.

या काळाचे वर्णन अनेकदा साहसकथेच्या थाटात केले जाते, ते एकांगी आहे. गोवरासारख्या साथींनी मॅकेन्झी नदीच्या मुखाभोवतालची इनुविआलुइट लोकसंख्या, जी पूर्वी दोन हजारांहून अधिक असावी, १९१०पर्यंत दीडशेच्या आसपास आणली. परकी जहाजे जकात न देता व्यापार करीत असल्याने सार्वभौमत्व दाखविण्यासाठी कॅनडाने १९०३मध्ये पोलिसांचे ठाणे येथे आणले खरे. पण थोड्याच वर्षांत पोलादी पट्ट्यांमुळे बलीनचा बाजार कोसळला आणि जहाजे निघून गेली.

ठाणे १९६४मध्ये बंद झाले. पुढे १९८४च्या इनुविआलुइट भूमिकरारानंतर १९८७मध्ये बेटावर संरक्षित उद्यान स्थापन झाले आणि इनुविआलुइटांचे पारंपरिक शिकारीचे व मासेमारीचे हक्क कायम राहिले. गोठलेली जमीन वितळून किनारा खचत असल्याने देवमासेमारांच्या काळातील काही लाकडी इमारती मात्र आत सरकवाव्या लागल्या आहेत.